पहिल्या तीन चौकटी

प्रिय भिडूस,

एकसष्टाव्या वर्षी कुणाला 'भिडू' म्हणून हाक मारणं शोभतं की नाही, ते तू ठरव. दुसरी हाक माझ्या तोंडी बसत नाही. आपण शेवटचे भेटलो ते तुझ्या भाचीच्या लग्नात, त्यालाही बावीस वर्षं झाली. त्यानंतर वर्षाकाठी एखादा फोन, तोही 'बरी आहेस ना, बरा आहे' एवढ्यावर आटोपणारा. तेव्हा हे एवढं जाड पाकीट हातात पडल्यावर तू ते आधी चारी बाजूंनी तपासलं असशील आणि मगच फोडलं असशील. फोडलंस ना? मग आता बूड टेकून बस. पत्र लांब आहे, आणि मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे.

बातमी अशी की आपल्या दोघांच्या बाबांचं स्क्वॉड्रन या वर्षाअखेरीस बंद होतंय. टेहळणीचे फोटो आता उपग्रह काढतात, नाहीतर बिनमाणसांची विमानं. विमानाच्या पोटात कॅमेरा घेऊन माणसाने सरळ रेषेत उडत जायचं आणि शत्रूचं घरदार टिपून परत यायचं, हा धंदाच संपला. सध्याच्या कमांडर बाई मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. चहा पिता पिता म्हणाल्या, 'मॅडम, निरोपाच्या दिवशी एक पुस्तक काढायचंय, स्क्वॉड्रनचा इतिहास. तुम्ही नकाशा कार्यालयात तीस वर्षं हवाई फोटो वाचलेत, शिवाय घरात सरांसारखा माणूस आहे. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?' मी आधी आढेवेढे घेतले. पण त्या म्हणाल्या, जुन्या नोंदींची खोली पूर्ण उघडी करून देते, आणि तिथे मी फसले. बंद कपाट दिसलं की माझे हात शिवशिवतात, ही खोड तुला आठवत असेल. तुझ्या आईच्या, काकूंच्या, शिवणाच्या डब्यात हात घालताना तीनदा सापडले होते मी.

तर गेले सात महिने आठवड्यातून चार दिवस मी त्या खोलीत बसते. खोली कसली, धावपट्टीच्या टोकाची पत्र्याची शेड. एक टेबल, एक पंखा आणि भिंतभर लोखंडी मांडण्या. पण काय काय सापडलं म्हणून सांगू! हे स्क्वॉड्रन तीन विमानांनी सुरू झालं, आणि त्यातलं एक कायम दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं असायचं. पहिली दोन वर्षं तर मागच्या सीटवरचा माणूस कॅमेरा हातात धरून बाहेर वाकायचा. एकाचा कॅमेरा तळ्यात पडला, त्याच्या खुलाशाचं पत्र चार पानी आहे, आणि त्यात चूक तळ्याची आहे असं वाटतं. पुढे विमानांतल्या बंदुका काढून तिथे कॅमेरे बसवले, तेव्हा दुसऱ्या स्क्वॉड्रनची पोरं यांना 'फोटो स्टुडिओ' म्हणू लागली. मेसच्या दारावर कुणीतरी खडूने लिहून ठेवलं होतं, 'बारशाचे व साखरपुड्याचे फोटो वाजवी दरात.' त्याचाही कुणीतरी फोटो काढून ठेवलाय. मोठ्या पुराच्या साली याच लोकांनी पाण्याखालच्या सगळ्या पट्ट्याचे फोटो दीड दिवसात काढले. त्यातल्या एका फोटोत गोदामाच्या छपरावर बारीक ठिपके दिसले. ठिपके वाचणाऱ्या बाईने भिंगातून मोजले, एकशे बारा. बोटी पोहोचल्या तेव्हा माणसं निघाली एकशे तेरा. एक तान्हं कुशीत होतं.

असं वाचत वाचत मी आपल्या सालापर्यंत आले. म्हणजे युद्धाच्या वर्षापर्यंत. तू दहा वर्षांचा, मी नऊ. तळ नवा होता, घरं बांधून व्हायची होती, म्हणून वैमानिक असो की मिस्त्री, सगळ्यांना एकाच लांबलचक बराकीत दोन-दोन खोल्या दिल्या होत्या. तुमची आणि आमची भिंत एक. तुझे बाबा, म्हणजे मिस्त्रीकाका, कॅमेरे सांभाळायचे, माझे बाबा ते घेऊन उडायचे. काका भिंतीपलीकडे खोकले की बाबा म्हणायचे, 'मिस्त्री उठले, आता मलाही उठायला हवं.' त्या वर्षीच्या नोंदवह्या मी मुद्दाम सावकाश वाचल्या. ती तारीख येणार हे मला ठाऊक होतं, तुलाही आता कळलं असेल. तारखेपुढे एकच ओळ आहे. 'उड्डाण पूर्ण. भिंगापुढचं झाकण काढायचं राहिल्याने फिल्म कोरी. कॅमेरा मिस्त्रीची कबुली. शिक्षा: हुद्द्याच्या दोन फिती कमी, भांडारात बदली.'

इथे मला एक सांगायचंय, ते आधी सांगून टाकते. त्या संध्याकाळी बाबा आईला हळू आवाजात हे सांगत होते, तेव्हा मी दाराआड होते. दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत मी ते सगळ्यांना सांगितलं. तुला 'झाकण' हे नाव ज्या दिवशी पडलं, त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं. तू ते कुणा उंच मुलाचं काम समजत होतास. लग्नात भेटलास तेव्हाही हसत त्याचं नाव घेतलंस, आणि मी गप्प बसले. तेव्हाच तुझी बायको मला म्हणाली होती, 'हे घराचं कुलूप तीनदा ओढून बघतात, गॅस दोनदा. पुलांची तपासणी करायचं काम यांना बरोबर मिळालंय, बोल्ट मोजत बसतात.' आणि तू म्हणालास, 'आमचे बाबा एकदाच विसरले, मी आयुष्यभर आठवतोय.' सगळे हसले. काका तेव्हा चार खुर्च्या सोडून बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, हे मी कितीदा आठवून पाहिलं, पण मला खात्रीने सांगता येत नाही.

आता पुढचं. नोंदीच्या शेवटी चौकशीच्या कागदांचा क्रमांक होता, आणि त्यापुढे 'रीळ जोडले आहे.' कोरं रीळ कशाला कोण जपून ठेवेल, अशी मला उत्सुकता. दोन दिवस शोधलं तेव्हा खालच्या मांडणीत डबा मिळाला. त्याची चिकटपट्टी कधी कुणी उघडलेली नव्हती. फिल्म धुतलेली होती. मी ती प्रकाशाच्या टेबलावर उलगडली. खरोखरच काचेसारखी स्वच्छ. पाच फूट, दहा फूट, वीस फूट, काही नाही. आणि मग मला जाणवलं की काही नाही म्हणजे अगदीच काही नाही, आणि हे बरोबर नाही.

हे तुला नीट समजावून सांगते, कारण सगळं यावरच आहे. त्या कॅमेऱ्याच्या आत कोपऱ्यात एक चिमुकलं घड्याळ असतं आणि त्याच्यासाठी वेगळा छोटा दिवा. प्रत्येक फोटोबरोबर घड्याळही फिल्मवर उमटतं, म्हणजे कोणता फोटो किती वाजता काढला ते कळतं. भिंगावर झाकण असलं तर बाहेरचं काही येणार नाही, पण आतलं घड्याळ तरी उमटायलाच हवं. तासभराच्या उड्डाणात शेकडो घड्याळं. या फिल्मवर ती नव्हती. म्हणजे आकाशात तो कॅमेरा चाललाच नव्हता. आणि कॅमेऱ्याचं बटण मिस्त्रीच्या हातात नसतं, वैमानिकाच्या हातात असतं.

मी उठले, पाणी प्यायले, परत बसले. फिल्मचं अगदी सुरुवातीचं टोक अजून गुंडाळीत दुमडलेलं होतं, ते उघडलं. तिथे तीन चौकटी होत्या. तिन्हींवर घड्याळ, सहा वाजून चाळीस मिनिटं. उड्डाण सात वाजून पाचचं. विमान जमिनीवर असताना मिस्त्री कॅमेरा दोन-तीनदा चालवून बघतात, तीच ही चाचणी. पहिल्या दोन चौकटींत नुसतं करडं सिमेंट. तिसरीत एक हात. भिंगाखालून फिरवलेला, कडा विरलेला, पण पाचही बोटं मोजता येतात आणि करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली. ती करंगळी तुला मी ओळखून द्यायची गरज नाही. त्या चौकटीची प्रत पाकिटात वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवली आहे. सहा चाळीसला त्या भिंगावर झाकण नव्हतं, भिडू. काका काहीही विसरले नव्हते.

डब्यावर 'कोरी' असं लिहून खाली कुणाची तरी सही आहे. ती कुणाची, ते लागत नाही. ज्याने फिल्म धुतली त्याला या तीन चौकटी दिसल्याच असतील. पण कबुली हातात असताना कोऱ्या फिल्मकडे दुसऱ्यांदा कोण बघतो? की त्याने बघितलं आणि मुद्दाम चिकटपट्टी लावली? मला अजून उत्तर मिळालेलं नाही आणि बहुधा मिळणारही नाही.

त्या दुपारी मी घरी आले. बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत, कान मंदावलेत, डोकं लख्ख आहे. खिडकीशी शब्दकोडं सोडवत होते. मी प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि भिंग हातात दिलं. विचारलं, 'हा हात कुणाचा?' त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग विचारलं, 'डबा कुठे सापडला?' मी म्हटलं, 'म्हणजे तुम्हाला माहीत होतं.' ते म्हणाले, 'बस.'

त्या उड्डाणाच्या तीन दिवस आधी त्याच कामावर गेलेलं दुसरं विमान परतलं नव्हतं, हे तुला आठवतं का? बराकीतली शेवटून दुसरी खोली रिकामी झाली होती. नदीपलीकडच्या खोऱ्यावर सात समांतर रेषा उडायच्या होत्या. टेहळणीच्या रेषेत वाकडं जाता येत नाही, खालून तोफा चालल्या तरी नाही. वाकडं गेलं की फोटो जुळत नाहीत. बाबा म्हणाले, 'मी नदीपर्यंत गेलो. बटणावर बोट ठेवलं. आणि विमान वळलं. मी वळवलं असं मला आठवत नाही, पण दुसरं कोण होतं आत?' ते अलीकडच्या तळ्यावर पाऊण तास घिरट्या घालत राहिले आणि वेळ भरल्यावर उतरले. बटण बिघडलं असं सांगायचं, असं ठरवून उतरले होते. मिस्त्रीकाका विमानाखाली गेले, कॅमेऱ्याला हात लावला. चाललेला कॅमेरा उतरल्यावर कोमट असतो. हा गार होता. काका बाहेर आले आणि त्यांनी बाबांकडे पाहिलं.

मी विचारलं, 'मग?' ते म्हणाले, 'मग मिस्त्री म्हणाले, साहेब, बटण बिघडलं म्हणालात तर ते कॅमेरा उघडतील, आणि तो धडधडीत चालतोय. तुम्हाला धरून नेतील. उद्या त्या रेषेवर नवीन पोरगा जाईल, त्याला सरळ उडता येत नाही, तोही जाईल आणि फोटोही जातील. आज रात्रभर झोपा. उद्या तुम्ही जा.' एवढं बोलून काकांनी खिशातून लाल फीत लावलेलं झाकण काढलं आणि तेच आधी ऑफिसकडे चालत गेले. बाबा मागून. काका आत म्हणाले, 'झाकण राहिलं, साहेब. माझी चूक.' आणि बाबा शेजारी उभे होते.

दुसऱ्या दिवशी बाबा गेले. सातही रेषा उडले, विमानाच्या शेपटीला भोक घेऊन आले. त्या फोटोंवरून पुढची लढाई आखली गेली. आमच्या भिंतीवरचं पदक त्या दुसऱ्या दिवसाचं आहे. ते खोटं नाही, हेही मी तुला प्रामाणिकपणे सांगते. पण त्याच आठवड्यात तुमचं सामान ट्रकमध्ये चढलं. काकू आईला भेटायला आल्या आणि आईने त्यांना लोणच्याची बरणी दिली. आईला काही ठाऊक नव्हतं, असं बाबा शपथेवर सांगतात. काकूंना ठाऊक होतं का, ते त्यांना माहीत नाही. मलाही हाच प्रश्न सगळ्यात जास्त छळतो.

मी विचारलं, इतक्या वर्षांत एकदाही का सांगितलं नाही? आधी म्हणाले युद्ध चालू होतं. मग म्हणाले बढती आली. मग म्हणाले तू कॉलेजात होतीस. स्वतःच थांबले. मग म्हणाले, 'एकदा गेलो होतो.' नोकरी सोडून काकांनी फोटोचं दुकान काढलं होतं ना, तिथे. पासपोर्टचा फोटो हवा म्हणून. काकांनी ओळखलं, खुर्चीवर बसवलं, दिवे लावले. म्हणाले, 'मान जरा वर, साहेब. हलू नका.' फोटो झाल्यावर बाबा म्हणाले, 'मिस्त्री, मी सांगून टाकतो सगळं.' काकांनी पडदा बाजूला केला, बाहेर एक बाई दोन मुलांना घेऊन बसली होती. काका म्हणाले, 'गिऱ्हाईक थांबलंय, साहेब. नंतर बोलू.' बाबा निघून आले. ते 'नंतर' बाबांनी पुढे ओढत नेलं, बारा वर्षांपूर्वी काका गेल्याचं मी सांगितलं तोपर्यंत. त्या दिवशी ते जेवले नव्हते. मला वाटलं, जुना सहकारी गेला म्हणून.

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या जेवणाचा डबा भरून ठेवायचा, औषधं काढून ठेवायची आणि शेडमध्ये निघून जायचं. राग कशाचा होता ते मला नीट सांगता येणार नाही. भीतीचा नव्हता. त्या नदीवर मी असते तर कदाचित मीही वळले असते. मला राग आला तो दोघांनी मिळून तुझा विचार केला नाही याचा. एकाने झेललं, दुसऱ्याने झेलू दिलं, आणि दहा वर्षांचा पोरगा शाळेत काय ऐकतो ते दोघांपैकी कुणी विचारलं नाही. आणि त्या पोराला ते ऐकवणारी मी होते, म्हणून बहुधा जरा जास्तच राग आला. चौथ्या दिवशी बाबांनी हाक मारली. म्हणाले, 'वही घे. मी सांगतो ते लिही.' त्या दुपारी मला 'मी गेल्यावर छाप' म्हणालेला माणूस. मी 'वैमानिक परत फिरला' असं लिहिलं, तर त्यांनी खोडायला लावलं. 'मी परत फिरलो, असं लिही.' दीड पान झालं. खाली सही केली, आणि ती वाकडी आली म्हणून पुन्हा केली.

ते दीड पान सोबत आहे. कमांडर बाईंनी ते उभ्यानेच वाचलं आणि नंतर खुर्ची ओढून परत वाचलं. म्हणाल्या, 'छापा किंवा छापू नका हे मी सांगणार नाही. ज्या घराचं नाव गेलं, त्या घराला विचारा.' तेव्हा पुस्तकातली ती जागा मी रिकामी ठेवली आहे. तू हो म्हणालास तर ते पान जाईल आणि काकांच्या दोन फिती कागदावर तरी परत मिळाव्यात असा अर्ज बाई करणार आहेत. तू नको म्हणालास तर नाही जाणार. तुझ्या बाबांनी स्वतः निवडलेली गप्प राहण्याची गोष्ट आपण मोडावी की नाही, हा प्रश्न मला सुटलेला नाही. तुला सुटला तर कळव.

पण पुस्तकासाठी एक फोन पुरला असता. पत्र लिहिलं ते बाबांसाठी. त्यांना तुमच्याकडे यायचंय. छापून येण्याआधी तुला आणि काकूंना समोर बसून सांगायचंय. काकू शहाऐंशीच्या आहेत, बाबा एक्याऐंशीचे, तेव्हा 'नंतर' हा शब्द आता कुणालाच परवडणार नाही. आगगाडीचा प्रवास सात तासांचा आहे, त्यांना झेपेल असं डॉक्टर म्हणतात, आणि झेपणार नाही म्हणाले असते तरी ते निघालेच असते. मीच अडवून धरलंय. म्हटलं, आधी त्याला विचारते, त्याचं दार आहे. तेव्हा तू हे सगळं आधी काकूंना वाचून दाखव, त्या काय म्हणतात ते ऐक, आणि मग मला कळव की आम्ही यावं का. दरम्यान बाबांची तयारी चालू आहे. रोज सकाळी दाढी झाली की ते आरशासमोर उभे राहून म्हणून बघतात. मी स्वयंपाकघरात असते, ऐकू येतं. 'वहिनी, त्या दिवशी मिस्त्रींनी झाकण काढलं होतं,' इथवर ते न अडखळता जातात. पुढचं वाक्य 'मी'ने सुरू होतं. तिथवर आले की ते नळ सोडतात, आणि पुढचं मला ऐकू येत नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी, तुझीच
भिडू